फुटलेल्या गुपिताचा पहारा

हेरगिरीच्या प्रकरणांची सरकारने जी चौकशी केली असेल तिचे अहवाल नागरिकांच्या दृष्टीस पडावेत, अशी मागणी कोणी केली की तिला मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते. प्रश्न राष्ट्राच्या सुरक्षिततेचा आहे; असे कागद बाहेर आले तर शत्रूचे आयतेच फावेल; सैन्याचे मनोधैर्य खचेल; न्यायालयात प्रकरण चालू असताना त्याची वाच्यता करणे उचित नव्हे; आणि शेवटी, ज्याचा या विद्येशी कधी संबंध आला नाही अशा सामान्य माणसाला त्यातले कळणार तरी काय? हे उत्तर देणारी माणसे देशाची हितचिंतकच असतात, त्यांच्यापैकी कित्येकांनी गणवेशात आयुष्य घालवलेले असते, आणि त्यांच्या हेतूविषयी संशय घेण्याचे मला काहीही कारण नाही. परंतु त्यांचे उत्तर मला सपशेल चुकीचे वाटते. ते कोठे चुकते हे पाहण्यासाठी दिल्लीच्या सचिवालयात जाण्याची आवश्यकता नाही. ओझरला उभे राहिले तरी ते दिसते.

नाशिकहून आग्रा रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर, बाणगंगेच्या काठी वसलेले ओझर हे मूळचे निफाड तालुक्यातील शेतकऱ्यांचे गाव. द्राक्षांच्या या मुलखात 1964 च्या सुमारास विमानांचा कारखाना आला, रशियन बनावटीच्या मिग-21 विमानांची बांधणी येथे होऊ लागली, आणि सरकारी कागदोपत्री ज्याला हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा नाशिक विभाग म्हणतात त्याला सारी पंचक्रोशी आजतागायत नुसते ‘मिग’ म्हणत आली. मिग-21 मागून मिग-27 आले, त्यामागून सुखोई-30 आले, आणि 17 ऑक्टोबर 2025 रोजी येथेच बांधलेल्या तेजस मार्क-1अ विमानाने संरक्षणमंत्र्यांच्या समक्ष उड्डाण केले. शेजारीच वायुदलाचा अकरा क्रमांकाचा दुरुस्ती तळ आहे. ज्या गावात घराआड कोणी ना कोणी मिगमध्ये नोकरीस आहे, होता किंवा जाऊ इच्छितो, त्या गावाला संरक्षणातील गुप्ततेचे महत्त्व बाहेरच्या कोणी शिकवावे अशी स्थिती नाही.

ऑक्टोबर 2020 मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने याच कारखान्यातील एका कर्मचाऱ्यास अटक केली. पाकिस्तानच्या आयएसआय संघटनेशी त्याचा सतत संपर्क होता, भारतीय लढाऊ विमानांविषयीची गोपनीय माहिती, तसेच कारखाना, विमानतळ आणि आतील निषिद्ध क्षेत्र यांचा तपशील त्याने पुरवला, असा पथकाचा आरोप होता; तीन मोबाइल, पाच सिमकार्डे आणि दोन मेमरी कार्डे जप्त झाली; 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्याच्या आरंभी देवळालीच्या लष्करी हद्दीत छायाचित्रे काढून ती सीमेपार धाडल्याच्या आरोपावरून एका मजुरास पकडण्यात आले होते. आरोप हा आरोपच असतो. तो शाबीत झाल्यावाचून कोणाला दोषी म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि म्हणून त्या कर्मचाऱ्याचे नाव मी येथे लिहीत नाही. मला विचारावयाचे आहे ते कारखान्याच्या व्यवस्थेविषयी. निषिद्ध क्षेत्राची माहिती बाहेर गेली असे सरकारचेच म्हणणे असेल, तर ती ज्या वाटेने गेली ती वाट कोणाच्या देखरेखीखाली होती? त्या क्षेत्रात मोबाइल नेण्याविषयी नियम काय होता, आणि तो कागदावर होता की अमलात होता? संशयाची पहिली सूचना आतल्या सुरक्षा विभागाला मिळाली, की बाहेरच्या यंत्रणेने येऊन आतल्यांना जागे केले? अटकेनंतर बंदोबस्तात काय फरक पडला? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ओझरच्या माणसाला कोणत्याही अधिकृत अहवालातून मिळालेले नाही. त्याच्या हाती पडले ते पोलिसांचे निवेदन आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी सजवलेले मथळे.

याचा परिणाम कोणावर होतो ते जवळून पाहावे. आयटीआय पूर्ण केलेला एखादा मुलगा शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज भरतो. चारित्र्य पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात जातो. बापाचे नाव, पूर्वीचे राहण्याचे ठिकाण, नातेवाइकांचे पत्ते, सारे लिहून देतो, आणि दाखला हाती येईपर्यंत वाट पाहतो. राष्ट्र त्याच्याविषयी सर्व काही जाणून घेते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या शेजारच्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाकडून काय घडले, ते घडू देणारी ढिलाई कोणाची होती, हे विचारण्याचा त्याला मात्र अधिकार नाही असे आपण म्हणतो. अहवाल दडून राहिला की दोष कोणाचाच ठरत नाही, आणि दोष कोणाचाच न ठरल्यामुळे संशय सर्वांवर सारखा पसरतो. हजारो प्रामाणिक कामगारांच्या माथी हा संशय कायमचा मारून ठेवणे, याला मी अन्याय म्हणतो.

आता पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप: शत्रूला फायदा होईल. हेरगिरी घडली असेल तर तिचा अर्थच असा की जी माहिती शत्रूला मिळावयास नको होती ती त्याला मिळाली आहे. कोणती माहिती गेली, केव्हा गेली, कोणत्या वाटेने गेली, कोणाला किती पैसा दिला गेला किंवा कोणत्या मोहाने तो वश झाला, हे शत्रूच्या दप्तरी आपल्याहून अधिक तपशिलाने नोंदलेले असणार, कारण सारा व्यवहार त्यानेच जमवलेला असतो. तेव्हा आपला चौकशी अहवाल कुलूपबंद ठेवून आपण ही गोष्ट लपवतो ती ज्याला ती मुळातच ठाऊक नाही अशा एका पक्षापासून, म्हणजे आपल्याच नागरिकांपासून, आपल्याच संसदेपासून, आणि जेथे उद्या हेच घडू शकेल अशा आपल्याच इतर आस्थापनांच्या अधिकाऱ्यांपासून. कणगीतील धान्य गेल्यावर तिच्या तोंडाशी पहारेकरी बसवून घरातल्या माणसांना आत डोकावू न देण्यासारखे हे आहे.

अहवालात शत्रूला ठाऊक नसलेल्या गोष्टीही असतात, हे मी नाकारीत नाही. त्या हेराचा सुगावा आपल्याला कसा लागला, कोणत्या खबऱ्याने बातमी दिली, कोणती सांकेतिक लिपी आपण उलगडली, कोणता माग अजून चालू आहे, या गोष्टी खरोखरच झाकून ठेवण्याच्या आहेत, आणि त्या झाकण्यास कोणत्याही समंजस माणसाची हरकत असणार नाही. परंतु एका अहवालातील दहा पाने झाकण्याजोगी आहेत म्हणून उरलेली सर्व पानेही झाकावीत, हा कोणता न्याय? माहितीचा अधिकार अधिनियमाच्या दहाव्या कलमाने यावर तोडगा घालून ठेवला आहे: देता न येणारा भाग वेगळा काढावा आणि उरलेला द्यावा. शाईने झाकलेल्या ओळी असलेला अहवालही पुष्कळ काही सांगतो. सबंध अहवालच दडपला गेला तर झाकलेल्या भागात खबऱ्याचे नाव होते की एखाद्या अधिकाऱ्याची बेपर्वाई, हे कधीच कोणाला कळत नाही. माझा खरा आक्षेप येथे आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली जे झाकले जाते त्यात सुरक्षितता किती आणि अब्रू किती, हे ठरवणारा आणि ज्याची अब्रू जाणार आहे तो, हे दोघे बहुधा एकाच खात्यात, पुष्कळदा एकाच मजल्यावर बसलेले असतात.

मनोधैर्याचा आक्षेप जुना आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो. चीनने केलेल्या पराभवानंतर नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढील वर्षी नाशिकच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले. त्या पराभवाची कारणे शोधण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी जी चौकशी केली तिचा अहवाल यशवंतरावांच्या हाती आला तेव्हा युद्धाला वर्षही झाले नव्हते. चिनी फौजा सीमेवर उभ्या होत्या. सैन्याची पुनर्घटना चालू होती. 2 सप्टेंबर 1963 रोजी ते लोकसभेत उभे राहिले. अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही, त्याने सुरक्षिततेस धोका पोहोचेल आणि जवानांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, असे त्यांनी सांगितले. पण एवढ्यावर न थांबता त्याचा सारांश त्यांनी सभागृहापुढे ठेवला. प्रशिक्षणात डोंगरी युद्धाची तयारी नव्हती, साहित्याची तूट होती, वरच्या पातळीवरील नेतृत्व कमी पडले, आणि शत्रूविषयीची माहिती गोळा करण्याचे काम मंद व तिचे वृत्त संदिग्ध होते, हे त्यांनी स्वतःच्या सरकारविषयी भर सभागृहात मान्य केले. त्या परिस्थितीत त्या माणसाने जे केले त्यास दोष देणे मला जमणार नाही. उलट, युद्धाला वर्ष पुरे होण्याच्या आत संसदेला एवढे सांगणारे संरक्षणमंत्री आपल्याला नंतर फारसे लाभले नाहीत.

परंतु यशवंतरावांनी एका कठीण वर्षासाठी घेतलेला निर्णय त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी साठ वर्षांचा वहिवाटी हक्क करून टाकला. 2010 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितले की त्या अहवालातील मजकुराला आजच्या लष्करी हालचालींच्या दृष्टीने अजून महत्त्व आहे. त्याच वर्षी ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांचा अर्ज केंद्रीय माहिती आयोगाने फेटाळला. मार्च 2014 मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्यातील मोठा भाग स्वतःच जगासमोर ठेवला. तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटली यांनी असे कागद अनिश्चित काळ गुप्त ठेवणे लोकहिताचे नाही असे लिहिले. संरक्षण खाते हाती आल्यावर जुलैत त्यांनीच राज्यसभेत सांगितले की अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे होणार नाही. चार महिन्यांत अहवाल बदलला नव्हता, सीमा बदलली नव्हती. पक्ष कोणताही असो, त्या आसनावर बसणाऱ्याला हा मोह होतोच, आणि म्हणूनच हा निर्णय आसनावरील माणसाच्या मर्जीवर सोपवता कामा नये असे माझे म्हणणे आहे. राहता राहिली मनोधैर्याची गोष्ट. मॅक्सवेलने पाने उघड केल्यानंतर भारतीय सैन्यातील एकाही शिपायाचा हात लटपटला असे कोणी दाखवून दिलेले नाही. शिपायाचे मनोधैर्य खचते ते त्याला अपुऱ्या साहित्यानिशी डोंगरावर चढवले जाते तेव्हा.

यशवंतराव संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव होते राम प्रधान. पुढे ते केंद्रीय गृहसचिव झाले, आणि पंचेचाळीस वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या अशाच एका अहवालावर त्यांचीच सही झाली. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान आणि वप्पाला बालचंद्रन यांची समिती नेमली. एप्रिल 2009 मध्ये तिने अहवाल दिला. जूनमध्ये विधिमंडळापुढे आला तो केवळ कार्यवाहीचा वृत्तांत. मूळ अहवाल सुरक्षिततेच्या कारणास्तव ठेवता येणार नाही असे सांगण्यात आले. मग जे होते ते झाले: डिसेंबरात नागपूर अधिवेशन चालू असताना अहवाल वर्तमानपत्रांत फुटला, विरोधकांनी गदारोळ केला, आणि जो अहवाल सभागृहात ठेवल्यास राज्य असुरक्षित होणार होते तो त्याच महिन्यात सभागृहाच्या पटलावर आला.

त्या अहवालात काय होते, हे या वादात फार महत्त्वाचे आहे. समुद्रमार्गे हल्ला होण्याचा संभव, मोठ्या हॉटेलांना धोका, अशा सूचना गुप्तवार्ता यंत्रणांकडून आल्या होत्या. त्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहिल्या. पोलिसांच्या शीघ्र कृती दलाला दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे दीर्घकाळ नेमबाजीचा सरावच मिळाला नव्हता. लष्कर-ए-तय्यबाच्या कामी येईल असे यात काही असलेच तर ते हल्ल्यापूर्वी उपयोगी होते; हल्ल्यानंतर त्याचा उपयोग फक्त मुंबईच्या नागरिकाला होता, ज्याला आपण कोणाच्या भरवशावर रेल्वे स्थानकात उभे राहतो हे कळावयास हवे होते. आणि ज्या हेराने या हल्ल्यासाठी शहराची टेहळणी केली त्या डेव्हिड हेडलीची साक्ष फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने दूरदृश्य यंत्रणेवरून उघडपणे नोंदवली. त्याने काय काय पाहिले, कोठे उतरला, कोणाच्या सांगण्यावरून चित्रीकरण केले, हे मराठी वर्तमानपत्रांनी दिवसामागून दिवस छापले. हेराची जबानी उघड चालते आणि आपल्या अधिकाऱ्यांच्या चुकांचा अहवाल मात्र चालत नाही, या भेदाचे समर्थन मला तरी सापडलेले नाही.

कारगिलचेही उदाहरण याच जातीचे. के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये, युद्ध संपून वर्ष होण्यापूर्वीच, संसदेपुढे आला. गाळलेल्या जागांसह तो ग्रंथरूपाने दुकानांत विकला गेला. त्याच्या आधारे मंत्रिगटाने संरक्षण व्यवस्थेची फेररचना सुचवली. त्या मंत्रिगटाने आपल्या अहवालातील गुप्तवार्तेचे प्रकरण वगळून बाकीचे प्रसिद्ध केले. अर्धेमुर्धे का होईना, उघडे करता येते आणि त्यातून सुधारणा होते, याचा हा पुरावा आहे, आणि तो परदेशातून आणलेला नाही.

परदेशांतील दाखलेही आहेत. 1945 च्या सप्टेंबरात इगोर गुझेंको नावाचा सांकेतिक लिपिक ओटावामधील सोव्हिएत वकिलातीतून कागद घेऊन बाहेर पडला. कॅनडा सरकारने दोन न्यायमूर्तींचा शाही आयोग नेमला आणि त्याचा सातशेहून अधिक पानांचा अहवाल 1946 मध्ये लोकांपुढे ठेवला. इंग्लंडात युद्धमंत्री प्रोफ्युमो यांच्या प्रकरणावरील लॉर्ड डेनिंग यांचा अहवाल 1963 मध्ये विक्रीस आला तेव्हा लोक रात्री रांगा लावून उभे राहिले. ऑस्ट्रेलियाने सोव्हिएत अधिकारी पेट्रोव्ह यांच्या प्रकरणावरील आयोगाचा अहवाल 1955 मध्ये संसदेत मांडला. शीतयुद्धाच्या काळात ही तिन्ही राष्ट्रे हे करू शकली. कॅनडाच्या उदाहरणात मात्र एक धोक्याची खूण आहे, आणि ती दृष्टिआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल: त्या आयोगाने संशयितांना वकिलाची मदत न देता बंदिस्त ठेवले, आणि ज्यांची नावे हेर म्हणून अहवालात छापली त्यांपैकी काही जण पुढे न्यायालयात निर्दोष सुटले. अहवालाने व्यवस्थेचे दोष सांगावेत. व्यक्तीचा दोष ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे.

यातूनच न्यायप्रविष्टतेच्या आक्षेपाचे उत्तर निघते. खटला एका माणसाच्या अपराधाविषयी असतो. कारखान्याच्या पहाऱ्याविषयीचा अहवाल त्याच्या निकालावाचून तयार होऊ शकतो आणि त्याच्या निकालास बाधा न आणता छापला जाऊ शकतो. शिवाय खटले वर्षानुवर्षे चालतात, आणि शासकीय गुपिते अधिनियमाच्या चौदाव्या कलमाखाली सरकार पक्षाच्या विनंतीवरून सुनावणी बंद दाराआड घेता येते. शिक्षा तेवढी उघड सुनावावी लागते. म्हणजे आधी खटला चालू आहे म्हणून बोलावयाचे नाही, आणि खटल्यात काय झाले तेही ऐकावयाचे नाही. हाच आक्षेप घेणारी यंत्रणा मात्र स्वतः किती संयम पाळते? मे 2023 मध्ये पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेच्या संचालकांना अटक झाली, आणि आरोपपत्र दाखल झाल्यावर त्यांचे एका कथित स्त्रीशी झालेले खासगी संभाषण सविस्तर वर्तमानपत्रांत आले. जे आरोपीच्या खासगी आयुष्यातील होते ते घराघरांत वाचले गेले. आणि एवढ्या मोठ्या पदावरील माणसाच्या परदेशी संपर्कावर संस्थेची नजर का पडली नाही, हा जो खरा सार्वजनिक प्रश्न, त्याचा अधिकृत वृत्तांत लोकांपुढे आला नाही.

खोट्या हेरगिरीच्या प्रकरणात तर अहवाल दडपणे अधिकच क्रूर ठरते. 1994 मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेर ठरवून तुरुंगात टाकण्यात आले; केंद्रीय अन्वेषण विभागाने 1996 मध्ये सारे प्रकरण निराधार असल्याचा निर्वाळा दिला; 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाखांची भरपाई देवविली आणि त्यांना गोवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती डी. के. जैन यांची समिती नेमली. 2021 मध्ये त्या समितीचा अहवाल मोहोरबंद लिफाफ्यात न्यायालयाला सादर झाला. तपासासाठी तो केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवण्यात आला आणि प्रसिद्ध करू नये असा आदेश झाला. ज्याची बदनामी साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांतून झाली त्याच्या निर्दोषत्वाचा तपशील लिफाफ्यात राहावा, हे मला मान्य होत नाही.

देवळालीचाही एक प्रसंग आहे. 2017 मध्ये लष्करातील साहाय्यकांना अधिकाऱ्यांच्या घरची कामे, कुत्री फिरवण्यापर्यंतची, करावी लागतात हे छुप्या चित्रीकरणाने दाखवणाऱ्या एका महिला पत्रकारावर याच शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदवण्यात आला. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गुप्ततेचा कायदा मुख्यतः हेरांसाठी आहे असे आपल्याला सांगितले जाते. तो पहिल्यांदा कोणाच्या दारी जातो हे यातून दिसते.

कायद्याचीच गोष्ट निघाली तर एक पळवाट दाखवून देणे आवश्यक आहे, कारण ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही कंपनी माहितीच्या अधिकाराच्या कक्षेबाहेर नाही; दुसऱ्या अनुसूचीत रॉ आहे, गुप्तवार्ता विभाग आहे, संरक्षण संशोधन संस्था आहे, ही कंपनी नाही. तेव्हा ओझरच्या कोणाही नागरिकाने दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज करावा. त्याला आठव्या कलमातील सुरक्षिततेचा अपवाद दाखवला जाईल. या अपवादावर दोन बंधने असावयास हवी होती. एक आहे: लोकहित अधिक मोठे असेल तर माहिती देता येते, आणि शासकीय गुपिते अधिनियम त्याच्या आड येत नाही. दुसरे बंधन काळाचे; वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावीच लागेल असे त्याच कलमात म्हटले आहे, परंतु त्या नियमातून सुरक्षिततेचा अपवाद वगळलेला आहे. म्हणजे इतर बहुतेक गुपितांना मुदत आहे. या गुपिताला मुदत नाही. कायदे करणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटले असे मला वाटत नाही, आणि ही तरतूद बदलल्यावाचून बाकीचे प्रयत्न अर्धवट राहतील.

सामान्य माणसाला त्यातले कळणार काय, हा आक्षेप खोडण्यासाठी ओझरच्या माणसांना फार लांब जावे लागत नाही. 1990 च्या सुमारास याच गावात समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाटबंधारे खाते तेव्हा असेच म्हणत होते की विसर्ग, गळती, पाळी यांचे गणित शेतकऱ्याला झेपणार नाही. शेतकऱ्यांनी पाणी मोजून घेतले, हिशेब एकमेकांसमोर मांडला, आणि कालव्याच्या शेवटाला असलेल्या शेतात पाणी पोहोचले. ज्यांनी ते केले त्यांची मुले मिगमध्ये यंत्रांवर हजारांश मिलिमीटरच्या अचूकतेने काम करतात. पहारा कोठे ढिला होता हे त्यांना कळणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणि याच निफाड तालुक्यात चांदोरी आहे. तेथील हिंगणे घराणे अठराव्या शतकात दिल्लीच्या दरबारी पेशव्यांचे वकील होते. बादशहाच्या दरबारातील मसलती, वजिराचे हेतू, अब्दालीच्या हालचाली, यांच्या गुप्त बातम्या ते पुण्यास धाडीत. ते कागद भारत इतिहास संशोधक मंडळाने हिंगणे दफ्तर म्हणून छापले. पुण्यातील पेशवे दफ्तर मात्र इंग्रज सरकारने शतकभर बहुतेक बंदच ठेवले. राजवाड्यांसारख्या इतिहास संशोधकांना गावोगावच्या वाड्यांतून कागदांचे रुमाल गोळा करावे लागले, आणि गोविंद सखाराम सरदेसाईंच्या हाती ते दफ्तर 1929 नंतर पडून 1934 पर्यंत पंचेचाळीस खंड निघाले तेव्हा कोठे मराठ्यांच्या राज्यकारभाराचे खरे चित्र दिसू लागले. पानिपतापूर्वी कोणती बातमी कोणाला केव्हा मिळाली आणि कोणी तिच्याकडे दुर्लक्ष केले, यावर आज आपण अधिकाराने बोलू शकतो ते हेरांच्या व वकिलांच्या कागदांमुळे. परकीय सरकारने आपल्याला आपल्या दफ्तरापासून दूर ठेवले याचा आपल्या आजोबांना संताप होता. स्वतःच्या सरकारने तेच केले तर तो संताप का मावळावा, हे मला उमगत नाही.

माझी मागणी मोठी नाही. संरक्षण आस्थापनेत हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली की दोन वर्षांच्या आत त्या आस्थापनेच्या सुरक्षा व्यवस्थेतील उणिवांचा अहवाल, व्यक्तींची नावे व चालू तपासाचा भाग वगळून, संसदेपुढे ठेवला जावा; काय झाकले आणि का झाकले हे ठरवण्याचे काम त्याच खात्याकडे न सोपवता निवृत्त न्यायाधीशाकडे द्यावे; आणि पंचवीस वर्षांनी संपूर्ण कागद राष्ट्रीय अभिलेखागारात उघडा व्हावा, कारण सार्वजनिक अभिलेखांच्या नियमांनी ती मुदत आधीच घालून दिली आहे आणि ती पाळली जात नाही एवढाच प्रश्न उरला आहे. ओझर ज्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येते तेथील खासदारांनी पुढील अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना एवढेच लेखी विचारावे: ऑक्टोबर 2020 च्या प्रकरणानंतर नाशिक विभागाच्या सुरक्षा व्यवस्थेची चौकशी झाली काय, झाली असल्यास तिने कोणत्या उणिवा दाखवल्या, त्यांपैकी कोणत्या आजवर दूर झाल्या, आणि तो अहवाल, आवश्यक तेवढा भाग झाकून, सभागृहाच्या पटलावर केव्हा ठेवला जाईल.